सत्तेचाळीसचं चौऱ्याहत्तर

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. मला ओळखणाऱ्या माणसानं हे वाक्य वाचलं तर तो आधी हसेल. कारण मी न बोललेलं असं काही शिल्लक असेल यावर सोलापुरात कुणाचा विश्वास नाही. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं असताना — मी बोलतच आलोय. आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे की मी झोपेतही गोष्टी सांगतो आणि मध्येच हशासाठी थांबतो.

खरं तर ही गोष्टही मी सांगितलीय. एकदा नाही, किती वेळा याची मोजदाद नाही. नातेपुत्याला मेव्हणीच्या लग्नात सांगितली तेव्हा नवरदेवाकडचा एक म्हातारा हसताहसता बाजेवरून खाली आला होता. लोक मागून मागून ऐकतात — ‘बापूराव, ती चौऱ्याहत्तरची होऊ द्या.’ आणि मी होऊ देतो. मग न बोललेलं ते काय राहिलं? राहिलं आहे. ते मधलं. जे घडलं, ते.

सांगतो. पण जरा फिरून येईन. सरळ जाणं मला कधी जमलेलं नाही.

आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला त्याला आता सात-आठ वर्षं होतील. त्या वेळी तो कसा दिसतो हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. दोन लोखंडी कपाटं आणि एक टंकलेखन यंत्राचा थोरला भाऊ, एवढंच ते होतं. पण त्याच्यासाठी एक खोली थंड केली होती! सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर या वाक्याचं मोल कळेल. बाहेर चैत्रातली दुपार, पत्र्याखाली माग धडधडताहेत, माणसं घामानं निथळताहेत, आणि मध्ये एक खोली जिथं शिरलं की अंगावर काटा यायचा. दारात चपला काढायला लागायच्या. धुळीसाठी, असं साहेब म्हणायचे. पण लोक आत आल्यावर हात जोडायचे. पहिल्या दिवशी पूजा झाली, कपाटांना हळदकुंकू लागलं, आणि एका मुकादमानं नारळ फोडायला कपाटाचीच कड धरली, तेव्हा मुंबईहून आलेला इंजिनिअर जो ओरडला — असो. तो भाग मी फार छान करतो. आज नको.

त्या खोलीचा मी प्रमुख झालो. का? मी माल खात्यातला साधा कारकून. मला इंग्रजी येत होतं असं नाही, पण येतंय असं दाखवता येत होतं. गिरणीच्या गणपतीतल्या नाटकांत मी वकील, डॉक्टर, बॅरिस्टर सगळं केलं होतं. मॅनेजरसाहेबांना वाटलं, हा शिकेल. मला मुंबईला शिकायला पाठवलं. परत आलो तो खांद्यावर अदृश्य शाल घेऊनच.

माझं काम काय होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चादरींचा गठ्ठा गोदामातून निघाला की त्याला पुठ्ठ्याचा एक टॅग बांधायचा. टॅगला भोकं पाडलेली, त्या भोकांत चादरीच्या नक्षीचा नंबर. फाटकाजवळ एक लहान पेटी होती. टॅग तिच्या खाचेत घातला की आतल्या बारीक सुया भोकं चाचपायच्या आणि जे हाताला लागलं ते जाड केबलमधून थंड खोलीत कळवायच्या. तिथं कॉम्प्युटर कागदावर छापून टाकायचा — अमुक नक्षीचा गठ्ठा बाहेर गेला. टॅगचा एक कोपरा कापलेला असायचा, त्यामुळे तो खाचेत एकाच बाजूनं बसायचा.

आता पेटी बोलते ते कॉम्प्युटरला समजायला हवं. हे जुळवून देणं माझं काम. कपाटाच्या पाठीमागे एक फळी होती, भोकाभोकांची, आणि रंगीत तारा. पेटीची कुठली जागा कॉम्प्युटरच्या कुठल्या जागेला, हे त्या तारांनी ठरायचं. मोराच्या चादरीचा नंबर सत्तेचाळीस. आधी चार, मग सात. तेच मागून पुढं वाचलं गेलं तर चौऱ्याहत्तर. आणि चौऱ्याहत्तर नंबर होता टाकाऊ सुताचा — मागाखालून झाडून काढतात, त्या चिंध्यांचा.

तुम्हाला आता शेवट दिसायला लागला असेल. दिसू दे. तो शेवट नाही.

कॉम्प्युटरच्या कंपनीनं नमुन्याचे थोडे टॅग दिले होते, त्यांवर मी तारा लावल्या, पेटी बोलली, कॉम्प्युटरला कळलं, इंजिनिअर खूश होऊन मुंबईला गेला. बाकीचे टॅग मुंबईहून यायला वेळ होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, आपल्याकडे पुठ्ठ्याला भोकं पाडणारा माणूस असताना थांबायचं कशाला?

तो माणूस म्हणजे राजय्या मास्तर.

मास्तरांबद्दल काय सांगू? त्यांच्याबद्दल मी इतकं खोटं सांगितलंय की खरं शोधायला मला हात घालून तळ ढवळावा लागतो. पद्मशाली विणकराच्या घरचे, घरात तेलुगू, बाहेर आमचं सोलापुरी मराठी. चादरीवर नक्षी उमटते ती मागावर चढवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमुळे; त्या पट्ट्यांना भोकं पाडणाऱ्या खोलीचे ते राजे होते. राजेच. गरीब-बिचारा माणूस नव्हता तो. पांढरा कोट, खिशाला पेन, मिशी कात्रीनं रोज कोरलेली. कुणी खोलीत विचारल्याशिवाय शिरलं तर ते आधी कोऱ्या नजरेनं त्याच्या पायांकडे बघायचे. मोराची नक्षी त्यांची स्वतःची. लोक तिची तारीफ करायला लागले की ते मान वळवून दुसरीकडे बघायचे, पण जागचे हलायचे नाहीत.

‘एमो’ असा एक तेलुगू शब्द आहे. म्हणजे, कोण जाणे. आमच्या खात्यातले निम्मे लोक दिवसभर एमो एमो करायचे. मास्तरांच्या तोंडून तो मी कधी ऐकला नव्हता. त्यांना माहीतच असायचं.

आणि ते माझे प्रॉम्प्टर होते. दर गणपतीत. मी पाठांतराचा कच्चा, सगळं ऐन वेळी रेटून नेणारा. विंगेत मास्तर वही घेऊन उभे. मी अडखळलो की शब्द यायचा. मोठ्यानं नाही, घाईनं नाही — पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जाणार नाही असा, आणि मला मात्र कानात कुणी ठेवल्यासारखा. किती टाळ्या मी त्या माणसाच्या जिवावर घेतल्या! टाळ्या पडल्या की मी विंगेकडे बघायचो. ते पुढचं पान उलटत असायचे.

तर टॅगचं काम मास्तरांकडे गेलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः थंड खोलीत आले, चपला काढून, हातात एक कोरा टॅग. मी तेव्हा चार मित्रांना मुंबईच्या गमती सांगत होतो. बहर आला होता. मास्तर थोडे थांबले, मग म्हणाले, “बापूराव, ह्याचं तोंड कुटलं अन् पाठ कुटली, तेवढं सांगा की.”

हा प्रश्न आमच्या सोलापुरातच पडू शकतो. चादर मागावर पालथी विणतात. चांगली बाजू खाली, पाठ वर. विणणाऱ्याला दिवसभर पाठच दिसते. तोंड दिसतं ते चादर मागावरून उतरल्यावर. म्हणून पट्ट्या कापणारा सगळं पाठीकडून धरतो — उजवं ते डावं, डावं ते उजवं. मास्तरांच्या हाताला जन्मापासून तीच सवय. आणि ती सवय इथं चालेल की नाही, हे विचारायला ते आले होते. नेमकं, वेळेवर, योग्य माणसाला विचारलं त्यांनी.

मला प्रश्न कळला नाही. पण चार माणसांसमोर ‘कळलं नाही’ म्हणायचं? थंड खोलीच्या प्रमुखानं? मी हात उडवला. म्हणालो, “तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं मारा, मास्तर. मशीन बघून घेईल.”

मित्र हसले. मास्तरांनी मान डोलावली आणि गेले.

टॅग तयार होऊन आले, खोकंभर, एकेक भोक टाचणीच्या डोक्यासारखं स्वच्छ. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, तपासून पाहिलं का? मी म्हणालो, हो. पाहिलं नव्हतं. नमुन्याचे टॅग चालले होते, मग हे का चालणार नाहीत? — असा विचारसुद्धा मी केला नव्हता. मी फक्त हो म्हणालो. तेव्हा मी गणपतीच्या नाटकाच्या तालमीत होतो, आणि त्यातल्या हिरोच्या तोंडी खूप वेळा ‘हो’ होतं.

मग तो दिवस. गिरणीचे शेठ आले, मुंबईचे पाहुणे आले, फाटकाला तोरण, पेटीला हार. पहिला गठ्ठा मोराच्या चादरींचा. मास्तर कडक इस्त्रीच्या कोटात, पाहुण्यांच्या मागे पण सगळ्यांना दिसतील असे. मी टॅग खाचेत घातला — कसा घातला ते विचारू नका, गुलाबाचं फूल द्यावं तसा — आणि आम्ही सगळे थंड खोलीत गेलो. यंत्र खडखडलं. कागद वर सरकला. शेठनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. टाकाऊ सूत, एक गठ्ठा.

फाटकाकडे निरोप पाठवून दुसरा टॅग घालायला लावला. तोही उलटा. तिसराही.

मॅनेजरसाहेब माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी कळलं. सगळं कळलं — पाठ, तोंड, मास्तरांचा प्रश्न, माझा हात. मशीन शिकायला लागलेले महिने एका बाजूला, आणि तो एक क्षण एका बाजूला.

आणि मास्तर माझ्याकडे बघत होते.

घाबरलेले नव्हते ते. रागावलेले नव्हते. ते थांबले होते. तुम्ही नाटकात काम केलं असेल तर ही नजर ओळखाल — समोरच्याचं वाक्य आहे, आपण वाट बघायची. वाक्य माझं होतं. ‘मीच त्यांना तसं सांगितलं.’ एवढंच. आणि माझा प्रॉम्प्टर, ज्यानं आजवर मला एकेक शब्द पुरवला, तो हा शब्द पुरवत नव्हता. हा मला आपणहून आठवेल अशी त्याची खात्री असावी.

मी एक टॅग उचलून वर धरला. उजेडात फिरवला. एक छान विराम घेतला — आणि म्हणालो, “शेठ, मास्तरांना आयुष्यभर चादरीची पाठच दिसली. तोंड समोर आलं तर ते ओळखणार कसं?”

शेठ हसले. पोट धरून हसले. मग पाहुणे हसले, मग सगळी खोली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा हशा, आणि इतका स्वस्तात. शेवटी मास्तरही हसले. म्हणाले, “चुकलं असंल माजं.” असं म्हणून सावरून घेतलं त्यांनी मला. सगळ्यांसमोर वाक्य विसरलेल्या नटाला सावरतात तसं. आत गेल्यावर बोलू, असं त्यांना वाटलं असणार.

इथपर्यंत काय? इथपर्यंत भित्रेपणा. लोक घाबरतात, लोक पटकन काहीतरी बोलतात. मी हेच स्वतःला सांगत आलो असतो तर कदाचित चाललं असतं. पण त्याच दुपारी जे केलं ते घाबरून केलेलं नाही.

पाहुणे जेवायला गेले. मी खोलीत एकटा राहिलो, दार लावलं, आणि फळीवरच्या तारा उलट्या बाजूनं लावून बघितल्या. चहा पिऊन होईल एवढाही वेळ लागला नाही. मग मास्तरांचा एक टॅग फाटकाच्या पेटीत घातला आणि परत येऊन कागद बघितला. बरोबर. दुसरा घालून आलो. बरोबर. मूठभर टॅग एकामागून एक घातले, पुन्हा कागद बघितला. सगळे बरोबर, एकही भोक इकडचं तिकडं नाही. मोर मोर होता. सगळ्या गोंधळाचा उपाय हाच होता, चार-पाच तारा. आता फक्त बाहेर जाऊन सांगायचं राहिलं होतं — टॅग ठीक आहेत, ते माझंच जुळवायचं चुकलं होतं.

खोलीबाहेर पडलो, तेवढ्यात शिपाई आला. म्हणाला, साहेबांनी मास्तरांना सगळे टॅग पुन्हा कापायला सांगितलंय, सरळ बाजूनं. मास्तर बसलेत पण कामाला.

मी काय केलं? मी आत गेलो. दार पुन्हा लावलं. आणि तारा पुन्हा होत्या तशा लावल्या.

लाल, मग पिवळी, मग निळी. एकेक काढून, एकेक आपल्या आधीच्या जागी. म्हणजे मास्तरांचे चांगले टॅग पुन्हा चुकीचे ठरतील, नवे बरोबर ठरतील, आणि तारांबद्दल कुणी कधी विचारणार नाही. इतकं काळजीपूर्वक काम मी त्या गिरणीत ना आधी कधी केलं, ना नंतर. ते झाल्यावर मी हात रुमालाला पुसले आणि जेवायला गेलो. जेवलोही. मागून ताक घेतलं.

हे ते मधलं. हे मी कधी सांगितलेलं नाही.

पुढचं सगळं याच्यातूनच निघालं. ज्या हातानं उभा जन्म पाठीकडून भोकं पाडली, त्याला आता सरळ पाडायला सांगितलं होतं. हात ऐकेना. चांगले टॅग होत होते, मध्येच एक उलटा. मग त्या उलट्याच्या धास्तीनं पुढचा सरळसुद्धा उलटा. आधी जी चूक नव्हती ती आता खरोखरच व्हायला लागली. कॉम्प्युटर ती रोज पकडायचा, आणि चुकलेले टॅग घेऊन मास्तरांच्या खोलीत जाणारा कोण? मी. विचारल्याशिवाय शिरायला लागलो होतो. त्यांनी माझ्या पायांकडे बघणं सोडून दिलं होतं.

एक दिवस मी विचारलं, मास्तर, हा कसा झाला? त्यांनी टॅग डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. म्हणाले, “एमो.”

मग ती भीती चादरीच्या पट्ट्यांत शिरली. पाठीकडून धरायचं की सरळ, हे त्यांना दर पट्टीला ठरवायला लागलं. जे हात आपोआप करत होता ते डोकं करायला लागलं. एक अख्खा माल विणून उतरला तेव्हा प्रत्येक मोराची मान एका जागी तुटलेली होती. त्यांच्या स्वतःच्या मोराची. त्यानंतर पट्ट्यांची खोली दुसऱ्याकडे गेली आणि मास्तर घडी खात्यात चादरींच्या घड्या घालायला लागले.

दरम्यान माझी गोष्ट तयार होत होती. कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा सांगितली, गेली. दुसऱ्यांदा मास्तरांना एकावर एक दोन चष्मे चढवले, जास्त गेली. मग त्यांचं चालणं घेतलं, आवाज घेतला. पेठेतली पोरं त्यांना बघून ‘चौऱ्याहत्तर आले’ म्हणायला लागली. हे नाव मी ठेवलं नाही, असं मला एकेकाळी म्हणायला आवडायचं.

त्यांच्या घरी मी जात होतो, हे आणखी एक. मास्तरांच्या पत्नी, अंबूबाई, मला भाऊजी म्हणायच्या. एकदा त्यांनी मला दारातच थांबवलं. मास्तर आत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुमी सांगा की त्यांना, काय बिघडलं न्हाय म्हणून. तुमचं ऐकत्यात ते.”

बघा. मला फक्त तेवढंच करायचं होतं, आणि ते माझ्या हातात आयतं आणून ठेवलं होतं. मी काय केलं असेल? मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं! टांगा केला, पैसे मी देईन म्हणालो, वाटेत विनोद केले. डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं आणि सांगितलं की डोळे स्वच्छ आहेत, तरुणाला लाजवतील असे. मला हायसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, आता यांचा विश्वास बसेल. टांग्यात बसल्यावर मास्तर म्हणाले, “डोळे बरे हायेत. म्हंजे बिघडलंय ते आत.” आणि कपाळाला बोट लावलं.

टांगा चालत होता. घोड्याच्या टापा, माझं तोंड गप्प. माझं! मी तेव्हा बोललो असतो तर? अजूनही वेळ होती. टांगा त्यांच्या गल्लीपर्यंत पोचेस्तोवर वेळ होती. मग नव्हती.

त्यांनी गिरणी सोडली. का, ते मी विचारलं नाही. कॉम्प्युटरही फार टिकला नाही. दुरुस्तीला माणूस मिळेना, सुटे भाग मिळेनात. त्या खोलीत आता मोडके पंखे ठेवतात. थंडावा गेला. फळी अजून कपाटाच्या मागे असेल, तारा होत्या तशाच, मी लावल्या तशा.

आज मी खरं सांगायला निघालो तर काय होईल, हे मला पाठ आहे. लोक ऐकतील, डोळे मोठे करतील, आणि शेवटी म्हणतील, बापूराव, हा शेवट आधीच्यापेक्षा भारी बसवलात. आणि मास्तरांना सांगून? त्यांना काय परत देणार मी — हात? त्यांचा हात आता कशालाच वळत नाही. पण मी सांगत नाही त्याचं कारण हे नाही. हे मला नंतर सुचलं.

आता शेवटचं. गेल्या वैशाखातलं.

शुक्रवार पेठेत आमच्या गिरणीतल्या एकाच्या मुलाचं लग्न होतं. दुपारची जेवणं झाली होती, मांडवात माणसं सैल होऊन पान खात बसली होती, आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, बापूराव, चौऱ्याहत्तर. मी बाह्या सारल्या. मग दिसलं की पुढच्या रांगेत मास्तर बसलेत. वाळलेले, कोट नाही, मिशी वाढलेली. मी घसा खाकरला, म्हटलं आज आवाज बसलाय.

मास्तर उठले. म्हणाले, “तुमी बसा बापूराव. माजी गोष्ट हाय की, मी सांगतो.”

आणि त्यांनी सांगितली. माझी गोष्ट, माझ्या शब्दांत. मी करतो ते त्यांचं चालणं त्यांनी केलं. कधीच नसलेले दोन चष्मे नाकावर चढवले. मी घेतो तो आवाज घेतला — स्वतःचा आवाज, माझ्या नकलेतला. लोक लोळायला लागले. आणि मी बघत होतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते मला टोमणा मारत नाहीत. त्यांच्या मनात राग नाही, काही नाही. त्यांना असंच आठवतंय. तोंड कुठलं म्हणून त्यांनी विचारलेलं, मी हात उडवलेला — ते त्यांच्याकडे आता नाही. ते फक्त माझ्याकडे आहे.

गोष्ट शेठच्या चष्म्यापर्यंत आली. यंत्र खडखडलं, कागद सरकला, टाकाऊ सूत. मास्तरांनी हात वर केला, टॅग धरल्यासारखा, उजेडात फिरवला — आणि थांबले. पुढचं आठवेना. ओठ हलले, शब्द येईना. मांडव वाट बघत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विंगेकडे बघायचो तसं.

आणि मी दिला. मोठ्यानं नाही, घाईनं नाही, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असा —

आयुष्यभर चादरीची पाठच.

मास्तरांनी आभार मानावेत तशी मान हलवली, आणि ते वाक्य खणखणीत म्हटलं. सगळा मांडव हसला. मीही हसलो.